बोअरची तोंडं का मोठी होतात?

प्रश्न : ८० मिमी व्यासाचे, १५० मिमी लांबीचे बिडाचे लाइनर (इंजिनच्या सिलिंडरमधल्या नळ्या) होन करतो, म्हणजे फिरत्या घासदगडांनी (स्टोन) आतून घासतो. वर-खाली दोन्ही तोंडांशी बोअर (आतलं भोक) मधल्यापेक्षा ०.०३ मिमी मोठा येतो. स्टोन बदलून पाहिले, फरक नाही.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : आधी स्ट्रोक, म्हणजे स्टोनची वर-खाली चाल तपासा. टोकाला स्टोन निम्म्याहून जास्त बाहेर पडत असणार. मग सगळा दाब आत उरलेल्या तुकड्यावर येतो आणि तो तोंडाशीच धातू खातो. स्टोन लांबीच्या साधारण एक तृतीयांशच बाहेर येऊ द्या. स्टोन ७० मिमीचा असेल तर प्रत्येक टोकाला २३ मिमी, म्हणजे स्ट्रोक १५० + ४६ − ७० = १२६ मिमी. त्याहून बराच कमी ठेवलात तर उलटं होतं, पोट फुगतं. तोंडं अजून फायनल साइजच्या आत असतील, तर मधल्या भागात आखूड स्ट्रोक मारून काम वाचतं. साइज ओलांडली असेल तर पुढचा ओव्हरसाइज (पुढचं मोठं ठरीव माप) घ्यावा लागेल.

माप डायल बोअर गेजनं (आतला व्यास मोजणाऱ्या काट्याच्या गेजनं) तीन खोलींवर, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा घ्या, तेही लाइनर गार झाल्यावर. २० अंश जास्त गरम असलेला ८० मिमीचा बोअर जवळजवळ ०.०१८ मिमी मोठा दिसतो. गरम असताना ‘बरोबर’ आलेला जॉब सकाळी घट्ट निघतो, तो यामुळेच.

क्रॉस हॅचही, म्हणजे स्टोननं उमटणाऱ्या एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषाही बघून घ्या. १५० आरपीएमला स्टोनचा फिरता वेग मिनिटाला ३८ मीटरच्या आसपास येतो. रेषांमध्ये ४५ अंश हवे असतील तर वर-खालीचा वेग १६ मीटर लागतो, म्हणजे तुमच्या स्ट्रोकला मिनिटाला वर-खालीच्या साधारण ६२ फेऱ्या. रेषा फार उभ्या झाल्या की तेल खाली ओघळतं.

प्रश्न : होनिंगनंतर बोअर रॉकेलनं स्वच्छ धुतो, तरी पिस्टनच्या नव्या रिंगा लवकर झिजतात.
– एक वाचक, चाकण

उत्तर : रॉकेलनं तेल निघतं, पण स्टोनची भुकटी रेषांत रुतून राहते आणि रिंगा घासते. रॉकेलनंतर गरम पाणी, साबण आणि नायलॉनचा ब्रश घ्या. पांढरं फडकं फिरवा. ते राखाडी झालं तर पुन्हा धुवा. कोरडं करून लगेच तेल लावा. पावसाळ्यात धुतलेलं बीड बघता बघता तांबूस होतं.