फाइलवर तीन नावं, आजार एकच

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, लहानपणापासून फिट येतात. जुन्या फाइलवर ‘कॉम्प्लेक्स पार्शियल सीझर, सेकंडरी जनरलायझेशन’ लिहिलंय. मधल्या डॉक्टरांनी ‘फोकल इम्पेअर्ड अवेअरनेस’ लिहिलं, आता नवीन डॉक्टरांनी ‘इम्पेअर्ड कॉन्शसनेस’. गोळ्या त्याच. आजार वाढतोय, की आधीचं निदान चुकलं होतं?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, दोन्ही नाही. ‘इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी’ ही जागतिक संस्था फिटचं वर्गीकरण ठरवते. तुमच्या फाइलवर तिची १९८१, २०१७ आणि २०२५ ची नावं ओळीनं आली आहेत, इतकंच.

‘सेकंडरी जनरलायझेशन’ गेलं ते बरंच झालं. त्यातल्या ‘जनरलाइज्ड’मुळे गोंधळ व्हायचा. मेंदूच्या एका बाजूला सुरू होऊन (हीच ‘फोकल’) दोन्हीकडे पसरणारी फिट वेगळी, मुळातच दोन्ही बाजूंच्या जाळ्यात सुरू होणारी वेगळी. गोळी त्यावरून ठरते. कार्बामाझेपिन पहिल्या प्रकारात चांगलं चालतं. दुसऱ्यातल्या काही प्रकारांत, म्हणजे क्षणभर हरवल्यासारखं होणं किंवा अंगाला झटके येणं, त्यानं त्रास उलट वाढू शकतो. म्हणून आता पसरणाऱ्या फिटला ‘फोकल टू बायलॅटरल’ म्हणतात.

२०२५ चा बदल तुमच्या कामाचा आहे. २०१७ च्या ‘अवेअरनेस’मध्ये भर होता तो रुग्णाला त्या वेळी भान होतं का, यावर. आताच्या ‘कॉन्शसनेस’मध्ये तो प्रतिसाद देतो का, हेही धरलंय, आणि ते घरचंच माणूस सांगू शकतं. मुलगा तोंड चघळायला लागला, शर्टाची बटणं चाळवायला लागला, की नावानं हाक मारा, ‘हात वर कर’ म्हणा, ‘आंबा’ असा एखादा शब्द सांगा. सावरल्यावर तो शब्द विचारा. दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. माझ्या ओपीडीत असा एक मिनिटाचा व्हिडिओ अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगून जातो. अंग ताठून झटके सुरू झाले तर मात्र परीक्षा बंद. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. (कांदा-चप्पल हुंगवणारे शेजारी लांब ठेवा.) पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना.

गोळ्या मनानं बंद करू नका. आणि जुनी फाइल रद्दीत घालू नका : कोणती गोळी कधी सुरू झाली, कशानं अंगावर पुरळ आलं, हे नव्या नावात कुठंच लिहिलेलं नसतं.