हार्ड डिस्कचं चुंबक आणि रिलेची वायर वापरून गिटारचा पिकअप केला, पण आवाज बारीक येतो. काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की पिकअपसाठी, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागासाठी, एका रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) वायर उलगडून लांब बॉबिनवर (वायरच्या रिळावर) गुंडाळली आणि खाली हार्ड डिस्कचं चुंबक लावलं. आता आवाज बारीक, गुणगुण भरपूर, मधली एक तार जवळजवळ मुकी आणि वरच्या फ्रेट्सवर सूर डळमळतो. सामान तुम्ही चांगलंच जमवलंय. फक्त रिलेची कॉइल, म्हणजे त्यातलं वायरचं गुंडाळं, उलगडायला नको होती आणि चुंबकही बदलावं लागेल.

हिशोब करून बघा. १२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते. वायर ०.०६ मिलिमीटरची धरली तर तिची लांबी भरते ६५-७० मीटर. सहा तारांखाली जाणाऱ्या लांब बॉबिनवर एक वेढा सुमारे १४ सेंटिमीटर खातो, म्हणजे पाचशेच्या आसपास वेढे झाले. बाजारातल्या साध्या सिंगल कॉइल पिकअपला सात-आठ हजार वेढे असतात आणि वेढे जितके जास्त तितका व्होल्टेज जास्त. तीच वायर रिलेच्या स्वतःच्या बारक्या गाभ्यावर असताना एका वेढ्याला अडीच सेंटिमीटरच लागतात, त्यामुळे तिथे अडीच हजारांवर वेढे बसलेले असतात. कारखान्यात इतकं नीट गुंडाळलेलं काम आपण हाताने उलगडतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून एकसारखे सहा रिले शोधा आणि प्रत्येक तारेखाली एक कॉइल उभी करा. कव्हर, कॉन्टॅक्ट आणि हलणारी पट्टी काढून टाका. गाभ्याला जोडलेली एल आकाराची लोखंडी पट्टीही काढाच. ती राहिली तर चुंबकीय रेषा तारेपर्यंत न जाता तिच्यातूनच परत फिरतात. ती रिव्हेटने बसवलेली असते, रिव्हेट कानशीने हळूहळू घासावं लागतं. माझ्या दोन कॉइल इथेच गेल्या, कारण वायरची टोकं केसासारखी असतात. तेव्हापासून मी आधी टोकांवर गोंदाचा थेंब टाकतो, तो पूर्ण वाळू देतो आणि मगच कानस हातात घेतो. कॉइल तारांमधल्या अंतरापेक्षा जाड निघाल्या तर त्या एकाआड एक पुढे-मागे बसवा.

आता चुंबक. हार्ड डिस्कच्या चुंबकाच्या एकाच पृष्ठभागावर अर्ध्यात उत्तर आणि अर्ध्यात दक्षिण ध्रुव असतो. ध्रुव बदलतो त्या सांध्यावर आलेली तार मुकी होते, तुमच्या मधल्या तारेचं हेच झालं असणार. होकायंत्र त्यावरून सरकवलंत तर सुई मध्येच उलटी फिरताना दिसेल. शिवाय ते फारच जोरकस असतं. वरच्या फ्रेटवर दाबलेली तार पिकअपच्या जवळ येते, चुंबक तिला खेचतं आणि सूर हलतो. चुंबकाचं काम तारेत थोडं चुंबकत्व आणण्यापुरतंच आहे. कपाटाच्या दाराच्या मॅग्नेट कॅचमधला काळा फेराइटचा ठोकळा त्याला पुरतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या काढा आणि तो आडवा ठेवा.

असे दोन ठोकळे घ्या. एक तीन कॉइलखाली उत्तर ध्रुव वर करून, दुसरा उरलेल्या तिघींखाली दक्षिण ध्रुव वर करून. सगळ्या कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकीचं टोक पुढचीला असं ओळीने, जोडा, पण दुसऱ्या गटाची जोडणी उलटी. बाहेरची गुणगुण दोन्ही गटांत सारखीच शिरते आणि उलट्या जोडणीमुळे एकमेकींना खोडते. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बास गिटारला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप आहे, तोही असाच चालतो. तपासायला पिकअप अँपला लावून ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॉप्टरजवळ धरा. गुणगुण वाढली तर एका गटाची दोन टोकं अदलाबदल करा.

मल्टिमीटर सहांचे मिळून २४०० ओहम दाखवेल. त्यावरून आवाजाचा अंदाज बांधू नका, कारण प्रत्येक तारेला तिच्या एकाच कॉइलचे वेढे मिळतात. विकतच्या पिकअपपेक्षा आवाज कमीच येईल, मध्ये छोटा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) लागेल. २४ व्होल्टचे रिले मिळाले तर ते घ्या, त्यांत वायर बारीक आणि वेढे जास्त असतात.

वायरसाठी मायक्रोवेव्ह मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, आणि त्या ट्रान्सफॉर्मरची वायर या कामाला जाडच पडते.

शेवटचा फ्रेट दाबून तार आणि गाभा यांत तीन मिलिमीटर ठेवून सुरुवात करा, मग कानाने ऐकत वर-खाली करा.