नुसतं ‘आय सेव्हन’ ऐकून पैसे देऊ नकोस

प्रश्न: बारावी झाली, बाबांनी गेमिंग पीसीसाठी ६० हजार द्यायचं कबूल केलंय. फुल एचडी मॉनिटर घरात आहे. इथल्या एका दुकानदाराने ४८ हजारांचं कोटेशन दिलंय: आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) आणि आरजीबी (रंगीत लाइटचं) कॅबिनेट. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळायचंय, पुढे इंजिनिअरिंगचं कामही होईल. घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नको घेऊस, निदान या कागदावर तरी नको. यात एकाही पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर नाहीये आणि खरी गडबड तिथेच असते. आय सेव्हन म्हणजे कुठला आय सेव्हन? बाजारात अशा भावात बऱ्याचदा ३७७० देतात, तो २०१२ चा आहे, ४ कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग), त्याला डीडीआर थ्री ही जुन्या पिढीची रॅम लागते आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसतच नाही. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी चालू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं, ते इतक्या जुन्या पीसीत सहसा नसतं, म्हणजे ज्या गेमसाठी पीसी घेतोयस तोच अडकणार. ४ जीबी कार्डाचंही तसंच, जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळतं पण ते २०१४ चं अगदी साधं कार्ड आहे. कार्डावर मेमरी किती यावरून त्याचा दम कळत नाही रे.

तुझ्या जागी मी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेतला असता. ६ कोर, १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ६५ वॉट, एएम फोर सॉकेटच्या मदरबोर्डावर बसतो, सोबत कूलर येतो, फक्त बॉक्स पॅक माग, ट्रे पीसमध्ये, म्हणजे खोक्याशिवाय सुटा विकतात त्यात, कूलर नसतो आणि वॉरंटीचीही कटकट होते. ५६००जी आणि ५५०० नाव जवळचं म्हणून गळ्यात मारतील, पण त्यांच्यात कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२, गेममध्ये तो फरक दिसतो. बोर्ड बी५५० मिळाला तर छान, बी४५० असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूनच द्या असं दुकानदाराला आधीच सांग, नाहीतर घरी नेल्यावर डिस्प्लेच यायचा नाही.

बजेटचा सगळ्यात मोठा वाटा, साधारण तिसरा हिस्सा तरी, ग्राफिक्स कार्डाला जाऊ दे. आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं कार्ड एएमडीने २०२१ मध्ये फुल एचडी गेमिंगसाठीच आणलं होतं आणि तुझ्या दोन्ही गेमना ते भरपूर आहे. थोडे पैसे वाचतात म्हणून ६५०० एक्सटी घेऊ नकोस, त्यात बहुतेक ४ जीबीच मेमरी आणि पीसीआयईच्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या) फक्त ४ लेन, बी४५० बोर्डावर तर ते अजूनच मंदावतं.

रॅम ८ च्या दोन काड्या घे, १६ ची एकच नको, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅम, एसएसडी दोन्ही महागलेत त्यामुळे कोटेशनची तारीख बघ, जुना भाव कुणी धरणार नाही. पीसी चालू झाला की टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघ, ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वरच पळत असते, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडवर चालवणारी सेटिंग) चालू केलं की झालं.

आता एसएमपीएस, इथे मात्र हट्ट धर. दुकानात त्याचं खोकं उघडायला लाव आणि स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना बघ. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट झाले, वर ४५० छापलेलं का असेना. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्या १२ व्होल्टवरच जगतात. हलका एसएमपीएस गेला तर कधी कधी बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो. म्हणून चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र), ५५० वॉटचा घे आणि त्यासाठी कॅबिनेटचे लाइट कमी करावे लागले तरी चालतील. कॅबिनेट पुढून जाळीचं बघ, काचेने बंद केलेलं नको.

सांगलीत हे पार्ट नसतील तर पुण्यात किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर चौकशी कर, पण घेशील तिथून जीएसटीचं पक्कं बिल घे, सिरियल नंबरसकट. आणि हो, मॉनिटरची केबल कार्डालाच लाव, ५६०० ला स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, बोर्डाला लावलीस तर स्क्रीन काळीच राहील.

प्रश्न: मुलगा सेकंड हँड आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड मागतोय. मायनिंगचं (क्रिप्टो चलन मिळवायला सतत चालवलेलं) कार्ड असेल अशी भीती वाटते. (एक पालक, नागपूर)

उत्तर: ताई, मायनिंगला वापरलेलं म्हणून लगेच नाही म्हणू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं आणि तेव्हा खूप कार्डं बाजारात आली, त्यातली कित्येक अजून नीट चालतात. विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास जड गेम चालवायला सांगा, पंख्याचा खरखर आवाज, स्क्रीनवर ठिपके, मध्येच बंद पडणं, यातलं काहीही दिसलं तर उठून या. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच इतकी तापते की पंखे धड नसलेलं कार्ड टिकणार नाही. आणि मुलाला जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडून शेडर्सचा (कार्डातल्या छोट्या प्रोसेसिंग युनिट्सचा) आकडा बघायला सांगा. खऱ्या ५८० मध्ये तो २३०४ असतो. २०४८ दिसला तर ते त्याच नावाने विकलं जाणारं कमी ताकदीचं कार्ड आहे. चालतं तेही, पण मग पैसे त्याचेच द्यायचे, ५८० चे नाही.