तीस क्रेडिटची सूट, तरी उरली साठच

“मॅडम, माझं एम.एड. इथल्या डॉक्टरेटला धरतील ना? की पुन्हा श्रीगणेशा?”

हा प्रश्न न्यू जर्सीत शिकवणाऱ्या मीनलचा. (नाव बदललं आहे.) परदेशात राहून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करू पाहणारे शिक्षक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य असंच असतं. म्हणून तिच्या परवानगीने तिची गोष्ट सांगते.

मीनलने २००९ साली पुण्यातून एम.एड. केलं. मग लग्न, अमेरिका, मुलगी. तिथला शिक्षकी परवाना हवा म्हणून तिने जवळच्या एका विद्यापीठात पदव्युत्तर पातळीचे पाच कोर्स केले, प्रत्येकी ३ क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक). दोन २०१६ मध्ये आणि तीन २०१८ च्या फॉलपासून (शरद ऋतूतलं सत्र) २०१९ च्या स्प्रिंगपर्यंत (वसंतातलं सत्र). पदवी घेतली नाही, नुसते कोर्स. आता ती एका सरकारी शाळेत घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना शिकवते. या मुलांच्या आयांना शाळेत बोलावतात, त्या येतात, मान डोलावतात आणि काहीही न कळता परत जातात. हे तिला आतून टोचत होतं आणि याच विषयावर तिला एड.डी., म्हणजे शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट, करायची होती.

२०२४ च्या सुरुवातीला आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो, तेव्हा तिचा निर्णय जवळजवळ झालेला होता. एक ऑनलाइन अभ्यासक्रम, कारण त्यांच्या माहितीपत्रकात ‘३० क्रेडिटपर्यंत ट्रान्सफर’, म्हणजे आधीचं शिक्षण तेवढं धरू, असं ठळक लिहिलं होतं. दुसरा पर्याय घरापासून गाडीने जाता येईल अशा विद्यापीठाचा, पण तिथे जास्तीत जास्त ९ क्रेडिट घेणार होते. “तीस कुठे आणि नऊ कुठे,” तिचे यजमान म्हणाले.

मी दोघांनाही कागद-पेन घ्यायला सांगितलं. ऑनलाइन अभ्यासक्रम एकूण ९० क्रेडिटचा. त्यात ३० म्हणजे आधीची मास्टर्स पदवी एकगठ्ठा धरायची. उरली ६०. दुसरं विद्यापीठ प्रवेशालाच मास्टर्स मागतं, म्हणून त्यांची मोजणी मास्टर्सच्या पुढून सुरू होते. एकूण ६०. म्हणजे एकीकडे तीसची सूट घेऊन साठ करायची, दुसरीकडे एकही सूट न घेता साठच. आणि दुसरीकडे दोन-तीन कोर्स धरले गेले, तर साठहूनही कमी.

यात कुणी कुणाला फसवत नाही. मोजायला सुरुवात कुठून करायची, एवढाच फरक आहे. पण आपल्या माणसांना ‘सूट’ या शब्दाची ओढ असते आणि त्या शब्दावर चार-पाच वर्षांचे निर्णय होतात, हे बघून मला फार वाईट वाटतं. किती धरली हे विचारण्याआधी किती उरली ते विचारा.

मीनलच्या हातात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि ती तिन्हींना ‘क्रेडिट’ म्हणत होती. पहिली, पुण्याचं एम.एड. ते पूर्ण झालेल्या पदवीत खर्ची पडलेलं आहे. बहुतेक विद्यापीठं अशी पदवी प्रवेशाची पात्रता म्हणून धरतात किंवा वर सांगितलं तशी एकगठ्ठा वजा करतात. त्यातले सुटे पेपर काढून पुन्हा मोजत नाहीत. दुसरी, पदवीविना केलेले ते पाच कोर्स. खरं ट्रान्सफर होतं ते अशांचं, अर्थात ग्रेड बी किंवा वरची असेल, विद्यापीठ मान्यताप्राप्त असेल, कोर्स फार जुना नसेल आणि विषय जुळत असेल तर. नुसतं ‘पास’ लिहिलेलं सहसा चालत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे शाळेने वेळोवेळी घ्यायला लावलेल्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, एक जाडजूड फाइल भरून. त्यावर ‘सीईयू’ अशी एककं होती. १० तासांच्या प्रशिक्षणाला एक सीईयू मिळतं आणि पदव्युत्तर क्रेडिटशी त्याचा संबंध नसतो. तिथलं एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ आठवडे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. ती फाइल बाजूला ठेवायला मीनलला जड गेलं. प्रत्येक शनिवार तिने घर सोडून तिथे घालवला होता. मी म्हटलं, फाइल टाकू नका, मुलाखतीत आणि निवेदनात ती बोलेल; पण क्रेडिटच्या रकान्यात घालू नका.

मग आम्ही दुसऱ्या विद्यापीठाच्या विभाग-समन्वयकांना मेल लिहिली. बहुतेक ठिकाणी क्रेडिटचा अधिकृत निर्णय प्रवेश मिळाल्यावरच होतो, पण अभ्यासक्रमाची पानं जोडून विनम्रपणे विचारलं तर आधी अंदाज मिळतो. पाच कोर्सची नावं, वर्षं, ग्रेड आणि प्रत्येकाचं सिलॅबस. प्रश्न चारच: यातले कोणते धरले जातील, धरले तर शिकायचा काळ कमी होतो की नुसती फी, फी क्रेडिटवर आहे की सेमिस्टरला ठोक, आणि जुनेपणाची मुदत कोणत्या तारखेपासून मोजता.

हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मुदत अमुक वर्षांची, इथे सात, असं नियमात लिहिलेलं असतं, पण कुठे ती प्रवेशाच्या सत्रापासून मागे मोजतात, तर कुठे पदवी मिळण्याच्या दिवसापासून. दुसऱ्या प्रकारात प्रवेशाच्या वेळी चालणारा कोर्स प्रबंध लांबला की बाद होतो आणि शेवटच्या वर्षी तो परत करायची वेळ येते. मीनलचं विद्यापीठ प्रवेशापासून मोजणारं निघालं. २०१६ चे दोन कोर्स तिथेच गळाले. राहिले तीन. त्यातले दोन, म्हणजे ६ क्रेडिट, धरू असं उत्तर आलं. तिसरा कोर्स कृतिसंशोधनाचा, म्हणजे शिक्षकाने आपल्याच कामातल्या प्रश्नावर करायच्या संशोधनाचा. तो नाही.

तिला ते लागलं. नेमका त्याच कोर्सला तिला ए होता. “म्हणजे मला संशोधन येत नाही असं म्हणायचंय का त्यांना?” तिचा आवाज कापत होता. चाळिशीतल्या, दोन देशांत दोनदा शिक्षक झालेल्या बाईला आपल्या शिक्षणाची पुन्हा पुन्हा परीक्षा द्यावी लागते, याचा तो संताप होता. तो मला पटतो. पण नकाराचं कारण वेगळं होतं. २००७ मध्ये कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट हा उपक्रम सुरू झाला आणि त्यातून बऱ्याच अमेरिकन विद्यापीठांनी एड.डी. नव्याने बांधली. पीएच.डी.ची सौम्य आवृत्ती न राहता ती काम करणाऱ्या शिक्षक-प्रशासकांची पदवी व्हावी, आपल्याच शाळेतला खरा प्रश्न घेऊन त्यावर प्रबंध व्हावा, असा विचार त्यामागे होता. अशा अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांची एक तुकडी बरोबर पुढे सरकते आणि संशोधनपद्धतीचे कोर्स पायऱ्यांसारखे रचलेले असतात. पहिल्यात प्रश्न ठरतो, दुसऱ्यात माहिती गोळा करण्याची साधनं बनतात, तिसऱ्यात शाळेत छोटी चाचणी होते. त्यातली पायरी काढून दिली, तर सूट नाही, खड्डा मिळतो. मी तिला स्पष्ट सांगितलं: हा कोर्स त्यांनी माफ केला असता, तरी मी तुम्हाला तो करायला लावला असता.

तुकडीच्या पद्धतीचा दुसराही परिणाम असतो. धरलेल्या दोन कोर्सच्या सत्रांत मीनलला वर्ग नाहीत, पण प्रबंध तुकडीबरोबरच. म्हणजे ६ क्रेडिटची फी वाचते, वर्ष वाचत नाही. (तिथे फी क्रेडिटवर होती, ठोक असती तर तेही नाही.) नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला दोन मोकळ्या संध्याकाळी ही मोठीच गोष्ट आहे, पण ‘लवकर संपेल’ अशी आशा धरून बसू नये.

यजमानांचं म्हणणं होतं, मुलगी अजून शाळेत आहे, दोन वर्षं थांब. आम्ही परत तारखा मांडल्या. २०२५ च्या फॉलला प्रवेश घेतला तर २०१८ च्या फॉलपर्यंत मागे जाता येतं, दोन्ही कोर्स वाचतात. २०२६ ला दोन्ही गेले. एक वर्ष थांबायचं ठरलं.

त्या वर्षात कागद जमवले. एम.एड.ची गुणपत्रिका वार्षिक पद्धतीची, शंभरपैकी गुण, क्रेडिट हा शब्दच कुठे नाही. ६१ टक्के. “इथे एकसष्ट म्हणजे डी हो मॅडम,” मीनल म्हणाली. तसं होत नाही. परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था, उदाहरणार्थ १९७४ पासून काम करणारी वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, टक्के जसेच्या तसे उचलत नाहीत. आपल्याकडची श्रेणीपद्धत बघून ग्रेड ठरवतात. पहिला वर्ग हा पहिला वर्ग म्हणूनच वाचला जातो. मात्र विद्यापीठ कोणत्या संस्थेचा अहवाल मानतं ते आधी विचारावं आणि अहवाल विषयवार मागवावा. नुसत्या पदवीच्या समकक्षतेचं पत्र स्वस्त पडतं, पण इथे कामाचं नाही.

ट्रान्सक्रिप्टसाठी मीनलचा भाऊ परीक्षा विभागाच्या खिडकीवर गेला. अर्ज, चलन, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, नंतर मिळालेलं सीलबंद पाकीट. पाकिटाच्या जिभेवर आडवी सही आणि शिक्का. घरी आल्यावर त्याने नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना, हे बघायला ते उघडलं. काळजीपोटीच उघडलं, पण पाकीट बाद झालं आणि सगळं नव्याने करावं लागलं. स्पेलिंग तपासायचं ते खिडकीवर, पाकीट बंद होण्याआधी. आणि माहेरचं-सासरचं नाव वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत सोबत हवीच.

याच अहवालाचा एक अनपेक्षित उपयोग झाला. न्यू जर्सीच्या शाळांत पगाराचे तक्ते असतात. पदवी, मास्टर्स, मास्टर्स अधिक ३० असे रकाने. इतकी वर्षं मीनलचं एम.एड. कुणी कागदोपत्री दाखवलंच नव्हतं, त्यामुळे ती पदवीच्या रकान्यात होती. अहवाल शाळा-जिल्ह्याच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) कार्यालयात दिला आणि पुढच्या शैक्षणिक वर्षापासून रकाना बदलला. डॉक्टरेटला न चाललेले ते तीन कोर्सही अशा तक्त्यात चालू शकतात. प्रत्येक जिल्ह्याचा करार वेगळा, तो वाचावा लागतो.

शेवटी ऑनलाइन की जवळचं, हे मीनलने क्रेडिटवर ठरवलं नाही. तिने दोन्हीकडच्या प्राध्यापकांची यादी काढली. जवळच्या विद्यापीठात स्थलांतरित कुटुंबं आणि शाळा या विषयात काम करणाऱ्या दोघीजणी होत्या, दुसरीकडे कुणीच नाही. माझ्या मते खरी काटकसर इथे आहे. प्रबंधाला योग्य मार्गदर्शक नसेल, तर वाचवलेली सहा क्रेडिटं एका सत्रात फिटतात, कारण प्रबंध रेंगाळला की दर सत्राला नावनोंदणीची फी भरत राहावी लागते.

मीनलची गोष्ट मी इकडे सांगते तेव्हा हमखास दुसरा प्रश्न येतो: “माझं पीएच.डी.चं कोर्सवर्क (प्रबंधाआधीचे सक्तीचे पेपर) पुण्यात झालंय, आता नवऱ्याची बदली झाली, ते फुकट जाईल का?” बदली भारतातच असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या संशोधक स्त्रीला आपली संशोधनसामग्री नव्या विद्यापीठात नेण्याची मुभा आहे. मूळ संस्था आणि मार्गदर्शकांचं श्रेय नोंदवायचं आणि ते काम कुणी निधी दिलेल्या प्रकल्पाचा भाग नसलं पाहिजे, अशा अटी आहेत. मार्गदर्शकांशी गोड बोलून सामग्री न्यायला हरकत नसल्याचं पत्र आधी घ्या. अमेरिकेला जायचं असेल, तर कोर्सवर्कची किमान १२ क्रेडिटं ही पूर्ण न झालेल्या पदवीतली मानली जातात, त्यामुळे विचारात घेतली जाण्याची शक्यता एम.एड.पेक्षा जास्त. मात्र नुसतं ‘कोर्सवर्क पूर्ण’ असं प्रमाणपत्र तिथे पुरत नाही. निघण्याआधी विभागात जा, प्रत्येक पेपरचं नाव, तास, क्रेडिट आणि ग्रेड असलेला कागद मागा, सिलॅबसच्या प्रत्येक पानावर विभागाचा शिक्का घ्या आणि सीलबंद पाकिटं दोन-तीन जास्तीची करून ठेवा.