पप्पा म्हणतात काही होत नाही

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातले पालक हमखास विचारतात, "मुलं ते ग्लोबल वॉर्मिंगचं बघून घाबरतात. खरंच एवढं आहे का ते? काय सांगायचं त्यांना?" उत्तरादाखल एका घराबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी अकरावीतली, घर नदीकडच्या भागात. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. आता पाऊस लागला की रात्र रात्र मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसायची. केमिस्ट्रीच्या वहीची मागची पानं तिनं मला दाखवली. वेळ, फूट, इंच, पानभर नुसते आकडे. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ४३ च्या खाली लाल रेघ इतक्यांदा ओढलेली की कागद फाटला होता.

"मॅडम, २०३० नंतर काही राहणारच नाही, तर मी नीटचा अभ्यास कशाला करू?"

वडील दुसऱ्या टोकाला. "पूर काय आज आलाय व्हय? २००५ ला नव्हता आला? शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, आणि ही जेवण सोडून बसत्या!"

बोलत होते ते काळजीपोटीच. पण घरातलं मोठं माणूस "काही होत नाही" म्हणालं की मुलाची भीती जात नाही, ते मूल भीतीसकट एकटं पडतं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत हेच दिसतं. म्हणून पुढच्या वेळी दोघांना एकत्र बसवलं आणि पक्कं काय, वाद कशावर, हे समोर मांडलं.

पृथ्वी माणसामुळे तापते आहे, यावर आता शास्त्रात वाद नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२१ च्या अहवालात ते निःसंदिग्धपणे लिहिलं आहे. १८५० ते १९०० च्या तुलनेत २०११ ते २०२० हे दशक सुमारे १.१ अंशाने जास्त उष्ण होतं. मतभेद आहेत ते पुढे किती तापणार यावर. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर वाढ बहुधा अडीच ते चार अंशांच्या दरम्यान होईल, असा अंदाज आहे. यातला कमीत कमी आकडाही निर्धास्त राहण्यासारखा नाही, हे वडिलांना मी स्पष्ट सांगितलं. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि मग पडतो तेव्हा पाऊस कोसळतो.

मुलीचं २०३० आलं होतं याच समितीच्या २०१८ च्या अहवालातून. तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर २०३० पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या मानाने सुमारे ४५ टक्क्यांनी कमी व्हायला हवं, असं त्यात होतं. जग संपेल असं कुठेही नव्हतं. प्रत्येक दशांश अंश वाचवण्याला अर्थ आहे, हे ऐकल्यावर तिनं ते दोनदा विचारून घेतलं.

आणि एका बाबतीत वडील बरोबर होते. आपल्याकडचा पूर एकट्या तापमानवाढीने येत नाही. पूररेषेतली बांधकामं, रस्त्यांचे भराव, धरणांचा विसर्ग, सगळ्याचा वाटा आहे. "म्हणजे हे आपल्याला बदलता येतंय की," ती म्हणाली.

मग घरचं ठरलं. पातळी बघायची ती सकाळ-संध्याकाळ, पप्पांसोबत. रात्री फोन आईकडे. ३९ फुटांना कागदपत्रं, आजीची औषधं आणि गाडी मामाकडे, ४३ ची वाट बघायची नाही. यादी तिनंच केली.

त्या पावसाळ्यात ती क्लासला जात राहिली. मुसळधार पावसात झोप अजूनही मोडते. भरावांवरून बापलेकीचा वाद अजून चालतो, आता मात्र नकाशा समोर ठेवून.

तुमच्या मुलाची झोप, जेवण, अभ्यास दोनेक आठवडे बिघडलेलाच असेल तर थांबू नका. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.