मॅडम, तुम्हीपण दचकला की!

मी समुपदेशक. गणपती ते दिवाळी या दोनेक महिन्यांत माझ्याकडं एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. डॉल्बी सुरू झाला की आई भिंतीला चिकटून उभी राहते, सुतळी बॉम्ब वाजला की मुलगा कान धरून खाली बसतो, मागून कुणी हाक मारली तरी मिसेस उडतात, आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य तेच, "इतकं दचकणं नॉर्मल आहे का ओ मॅडम, काहीतरी करून हे बंद करा." यंदा दसऱ्याच्या आत चौघांनी विचारलं म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. त्यासाठी दत्ताची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असं बाकीचं इकडचं तिकडं केलंय, आणि त्याला विचारूनच लिहितेय.

दत्ता शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, फेटलिंगला. म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या. वय पस्तिशीचं, अंगानं तालमीतला, कान मोडलेले. बायको ओढून घेऊन आली होती. आत आला, माझ्या समोरची खुर्ची उचलली, भिंतीला पाठ लागेल अशी ठेवली आणि मग बसला. कोण कुठं बसतं ते मी बघून ठेवते, तोंड उघडायच्या आधी बरंच कळतं त्यातनं.

तक्रार होती रागाची. त्यांची सहा वर्षांची पोरगी दाराआडून "भॉक्क" करत आली, याचा कोपर उठला आणि तिच्या ओठावर बसला, दोन टाके पडले. "तवापासनं पोरगी स्वयंपाकघरातनं बाहेर येताना आधी 'पप्पा, मी येतेय' म्हणून ओरडती ओ," बायको म्हणाली. दत्ता काही बोलला नाही, मोबाईलचं कव्हर काढत होता आणि परत घालत होता, काढत होता, घालत होता.

आता कबूल करायला हरकत नाही, पहिली दोन सेशन मीपण रागाच्याच मागं लागले. कधी येतो, कुणावर येतो, घरात लहानपणी कसं होतं. तो प्रामाणिकपणे उत्तरं देत होता आणि हाताला काहीच लागत नव्हतं. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, "दत्ताभाऊ, कोपर उठला तेव्हा समोर कोण आहे ते दिसलं होतं?"

"न्हाई. उठल्यावर दिसलं."

राग यायला आधी कुणावर तरी यावा लागतो. हा राग नव्हताच. मग उलगडत गेलं. चौदा महिन्यांपूर्वी शेजारच्या मशीनवरचं ग्राइंडिंग व्हील फुटलं, एक तुकडा याच्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यात रुतला. शेजारच्या गड्याला बरंच लागलं, याला खरचटलंसुद्धा नाही. "मला काय झालंच न्हाई की," हे वाक्य तो मला तीन-चार वेळा म्हणाला, आणि काही झालं नाही म्हणूनच त्याला कुणी विचारलंही नव्हतं. नंतर डिपार्टमेंटमध्ये एकाच्या लक्षात आलं की गडी दचकतोय, मग काय, मागून पाना टाकायचा आणि हसायचं. आपल्याकडची चेष्टा तुम्हाला माहितीच आहे. पाच वर्षं तालमीत माती अंगाला लावलेला माणूस पाना पडल्यावर मान खांद्यात घालतो याची त्याला एवढी लाज वाटायची की तो दिवसभर खांदे कानापर्यंत चढवून, दात आवळून काम करायचा. आता कोण काय टाकतंय, आता मी दचकणार नाही. आणि जास्तच दचकायचा.

त्याला जे सांगितलं ते इथं सांगते, कारण निम्म्या लोकांचं काम एवढ्यानंच होतं. मोठा आवाज कानात शिरला की तो मेंदूच्या बुंध्यातूनच, विचार करणाऱ्या भागाला न विचारता, परस्पर मान, खांदे आणि हातांकडं हुकूम होऊन जातो. पापणी तर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटते. मान पुढं, खांदे वर, कोपरं वाकलेली, पोट आत, गुडघे थोडे मोडलेले. सगळा आटापिटा डोळे, मान आणि पोट वाचवायचा. लँडिस आणि हंट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात मांडलंय, त्यांनी माणसांच्या मागं पिस्तुलाचा बार काढून हे सगळं वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं होतं. रोज पिस्तूल चालवणारे पोलीस नेमबाजसुद्धा पापणी रोखू शकले नाहीत. आणि चार्ल्स डार्विननं स्वतःच लिहून ठेवलंय, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेपलीकडच्या विषारी सापासमोर तो तोंड लावून उभा राहिला, अजिबात हलायचं नाही असं मनाशी ठरवून. साप झेपावला आणि साहेब एक-दोन यार्ड मागं उडाले.

"डार्विन म्हणजे त्यो माकडवाला?" दत्तानं विचारलं.

"तोच."

"मग त्याला कोण घाबरट म्हणलं न्हाई?"

बघा, प्रश्न कुठनं आला. मी ज्या वळणाची आहे, म्हणजे अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीची, त्यात आम्ही आधी हेच शोधतो की माणसानं कुठल्या गोष्टीला 'च' लावलाय. दत्ताचा 'च' होता, "मी दचकता कामाच नये." दचकणं एक सेकंदाचं, त्यावरची लाज दिवसभराची. पण हे मी सांगून त्याला पटलं असं झालं नाही हं, मान डोलवायचा आणि खुर्ची भिंतीलाच लावून बसायचा.

पटलं ते एका बुलेटमुळं. पाचवं सेशन असेल, संध्याकाळची वेळ, खाली रस्त्यावरनं कुणीतरी सायलेन्सर बदललेली बुलेट नेली आणि नेमकी माझ्या खिडकीखाली फाडकन फटाका वाजवला. माझ्या हातात चहाचा कप होता. चहा माझ्या साडीवर, फाईलवर, थोडा त्याच्या चपलेवर. मी "अगं बाई!" म्हणाले, टेबलावरचं फडकं घेतलं आणि फाईल पुसायला लागले, पुसता पुसता त्या पोराच्या आईवडिलांचा उद्धारही केला असेल. वर बघितलं तर दत्ता माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही.

"मॅडम, तुम्हीपण दचकला की!"

"मग? कान आहेत मला."

"पण तुम्ही लगेच पुसायला लागलासा."

मी गप्प बसले. एकोणीस वर्षांत एवढं एक शिकलेय, अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की घालवलंच म्हणून समजा. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बराच वेळ बसला, मग सावकाश म्हणाला, "मी दचकल्यावर काय करतो म्हायतेय? कोण बघितलं ते बघतो. मला तर आवाज कशाचा होता त्येबी कळत न्हाई कधी."

माझ्या वहीत मी ते वाक्य तसंच उतरवून घेतलंय. कारण सगळ्या पुस्तकांत मला जे नीट सापडलं नव्हतं ते त्यानं चपलेवर चहा सांडलेला असताना सांगितलं. आम्ही दोघं सारखेच दचकलो होतो. फरक पुढच्या तीन सेकंदांत होता. मी फडकं शोधलं, त्यानं बघणारे शोधले. आणि आवाज कशाचा होता हे जर बघितलंच नाही तर शरीराला "काही नव्हतं, बुलेट होती" हा निरोप मिळणार कसा, ते आपलं तयारीतच बसणार. आधीच भीती बसलेला प्राणी त्याच आवाजाला जास्त उडतो हे उंदरांवर १९५१ सालीच दाखवून झालंय. दत्ता चौदा महिने दिवसभर तयारीत होता, मग पाना पडल्यावर जास्त उडणार नाही तर काय.

तेव्हा मला जे विचारतात ना, दचकणं बंद कसं करायचं, त्यांना मी सांगते की त्याच्या नादाला लागू नका, ते तुमच्या हातात नाही. दचकून झाल्यावर खांदे खाली सोडा, लांब श्वास बाहेर टाका, आवाज आला तिकडं वळून बघा, काय होतं ते मनात नावानिशी म्हणा, कुकरची शिट्टी, मांजर, पडलेला डबा, आणि हातातलं काम पुढं चालू करा. बास. ऐकायला फार साधं वाटतं, करून बघा. झोप अर्धवट झाली, नाईट शिफ्ट, दिवसाला आठ-दहा कप चहा, यानंही अंग जास्त ताणलेलं राहतं, तिथं आधी हात घाला. दत्ताचा चहा आम्ही तीन कपांवर आणला, त्यावर तो माझ्यावर बुलेटपेक्षा जास्त नाराज होता.

घरी त्याला एक उद्योग दिला. स्टीलचं ताट फरशीवर टाकायचं. आधी स्वतःच टाकायचं. स्वतः टाकलेल्या ताटाला माणूस फारसा दचकत नाही, कारण कधी पडणार हे त्याला ठाऊक असतं, आणि हे त्याला स्वतः अनुभवूनच कळायला हवं होतं. मग लेकीनं एक-दोन-तीन म्हणून समोरून टाकायचं, मग मागून, मग न सांगता, पण हात पोचणार नाही एवढ्या अंतरावरनं. पोरीनं त्यात मार्क द्यायला सुरुवात केली, जास्त उडला तर जास्त मार्क. पहिल्या दिवशी सुरुवातीला नऊ, शेवटी चार. दुसऱ्या दिवशी परत सातवर गेला म्हणून त्याचा फोन, "मॅडम, परत वाढलं." वाढतंच ते, दुसऱ्या दिवशी थोडं वर जाऊन मग खाली येतं, घाबरायचं नाही. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू भांडायला वर आल्या. पण तोवर पोरगी स्वयंपाकघरातनं न ओरडता बाहेर यायला लागली होती.

इथं जरा थांबून दोन-तीन गोष्टी सांगायलाच पाहिजेत. तान्ही बाळं झोपेत हात फाकवून दचकतात त्याला घाबरू नका, मोरो नावाच्या डॉक्टरनं १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलंय, चार-सहा महिन्यांत ते आपोआप जातं, दृष्ट काढायची तर काढा, बाळाला त्रास नाही. पण मोठं मूल जर कुणी नुसतं डोकं खाजवायला हात वर केला तरी अंग चोरून डोळे मिटत असेल, तर ते घाबरट नाही, त्याला कुठंतरी मार बसतोय. घरात, शाळेत, शिकवणीत, कुठं ते शोधा, आणि "एवढं काय घाबरतोस" म्हणू नका. बायकोच्या बाबतीतही हेच, तिथं ताट टाकायचे प्रयोग करायचे नाहीत, आधी मारणारा हात थांबायला हवा. आणि अपघातानंतर महिना उलटला तरी तेच स्वप्न, तीच जागा टाळणं, झोप नाही असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडं जा, मीसुद्धा दत्ताला सुरुवातीला पाठवलं होतं, थायरॉईडची तपासणीही करून घेतली होती. फोनवर बोलायचं तर सरकारची टेली मानस आहे, १४४१६.

राहता राहिला पाना. ग्राइंडरवर हात असताना मागून पाना टाकणं ही चेष्टा नाही, बोटं जातील. मी म्हटलं, डिपार्टमेंटला सांगा, मोठ्यानं, चहाच्या सुट्टीत. तो म्हणाला, व्हील परत फुटलं तरी चालंल पण हे जमायचं न्हाई. दोन आठवडे टाळलं. आम्ही माझ्या खोलीत चार वेळा म्हणून बघितलं, पहिल्यांदा आवाजच फुटेना. शेवटी एका शनिवारी बोलला, "भावांनो, मी दचकतो. मागनं यायचं असलं तर आधी हाक मारा. पाना टाकू नका, हात जाईल माझा."

कुणी हसलं नाही. त्यांच्यातला सगळ्यात जुना गडी, ज्यानं सगळ्यात जास्त पाने टाकलेत असं दत्ता म्हणायचा, चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाला, "मीबी त्या दिवसापासनं धड झोपलो न्हाई लेका."

पुढच्या आठवड्यात ते काका माझ्याकडं आले. दत्तानंच नंबर दिला होता. आत आल्यावर उभ्या उभ्याच त्यांनी खोलीभर एकदा नजर टाकली, मग काही न बोलता खुर्ची उचलली आणि भिंतीपाशी नेली. मी माझी खुर्ची तिकडं सरकवली आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.