वाचक विचारतात : खासगी नौकेतून माणसांची चोरटी वाहतूक आणि किनाऱ्यावरचा पहारा

प्रश्न : युरोपातील एक बातमी अलीकडेच वाचनात आली. सहलीला निघाल्यासारखी दिसणारी शिडाची खासगी नौका घेऊन तिच्या पोटात परदेशी माणसे लपवून आणली जातात आणि ती किनाऱ्याला लागेपर्यंत अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाही, असे तीत म्हटले होते. आमच्या घरचे कोणी परदेशी जायला गोव्याच्या विमानतळावर गेले, तर पासपोर्ट आणि व्हिसा दाखवत दहा ठिकाणी उभे राहावे लागते. मग रडार, उपग्रह, गस्तीची जहाजे असा सगळा जामानिमा असताना एक नौका कशी सापडत नाही? यात हलगर्जी आहे, संगनमत आहे, की खरोखरच काही अडचण आहे? कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावरही असे घडू शकते का?
— एक निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : आपण मांडलेल्या तीन शक्यतांपैकी तिसरीला मी सर्वाधिक वजन देईन. पहिल्या दोन्ही अधूनमधून खऱ्या ठरतात, परंतु त्या दूर केल्या तरी अडचण शिल्लक राहते.

विमानतळावर तपासणी होते, कारण विमानाला दुसरीकडे कोठे उतरताच येत नाही. नौकेचे तसे नाही. एखादी वाळूची पट्टी, खाडीचे तोंड किंवा मच्छीमारांचा धक्काही तिला पुरतो. करोनाच्या काळात निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा दाखला मागत असत, तेव्हा किती गाड्या आडवाटेने शेतांतल्या रस्त्यांवरून पलीकडे गेल्या, हे सीमाभागातील वाचकांना सांगायला नको. समुद्रावर तर सगळीच आडवाट.

त्यात कायद्याची चौकट अशी आहे की, पहारेकऱ्याचे हात किनाऱ्यापासून जितके दूर जावे तितके आखूड होत जातात. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, त्या देशाची सत्ता चालते. तेथेही परकी नौकेला कोणाला उपद्रव न करता पुढे जाण्याचा हक्क असतोच. २४ मैलांपर्यंत जकात आणि स्थलांतरविषयक कायद्यांसाठी अडवणूक करता येते. त्यापलीकडे नौका ज्या देशाचा झेंडा लावते, त्या देशाचा कायदा तिच्यावर चालतो. खुल्या समुद्रात परक्या नौकेवर चढून तपासणी करण्याची जी मोजकी कारणे करारात दिली आहेत, त्यांत चाचेगिरी आहे, गुलामांचा व्यापार आहे, नौकेला कोणत्याच देशाचे राष्ट्रीयत्व नसणे आहे. मात्र माणसांची चोरटी वाहतूक हे स्वतंत्र कारण त्यांत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २००० साली वेगळा जागतिक पूरक करार झाला आणि २०११ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली, परंतु त्यातही झेंड्याच्या देशाची परवानगी घेऊनच नौकेवर चढावे, असा दंडक आहे. परवानगी येईपर्यंत नौका थांबून राहत नाही.

नौका ओळखणे हेही वाटते तितके सोपे नाही. मोठी व्यापारी जहाजे आपले नाव, वेग आणि दिशा एआयएस या यंत्राद्वारे सतत कळवत असतात. आंतरराष्ट्रीय नियमाने हे यंत्र परदेश प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना आणि सर्व प्रवासी जहाजांना सक्तीचे आहे. बारा-पंधरा मीटर लांबीची खासगी यॉट या नियमात येत नाही, आणि यंत्र असले तरी ते बंद करायला एक कळ पुरते. रडारवर ती ठिपका म्हणून दिसेलही, परंतु त्या ठिपक्यात सुट्टीवर निघालेले कुटुंब आहे की तळघरात कोंबलेली साठ माणसे आहेत, हे रडार सांगत नाही. सुखवस्तू माणसाच्या वाहनाकडे संशयाने पाहायला पहारेकरी जरा बिचकतो, हे जमिनीवर आपण रोज पाहतो. चोरटी वाहतूक करणाऱ्यांनाही ते चांगले ठाऊक आहे. म्हणूनच तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून इटलीच्या कालाब्रिया भागाकडे जाणाऱ्या मार्गावर शिडाच्या नौकाही वापरल्या जातात.

दिसूनही न थांबणे म्हणजे काय, हे या मार्गावरच्या एका घटनेत फार क्रूरपणे दिसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील इझमीरच्या बाजूने निघालेली एक लाकडी नौका इटलीच्या कुत्रो गावाकडे येत होती. युरोपीय सीमा संस्थेच्या, म्हणजे फ्रंटेक्सच्या विमानाने ती आदल्या रात्रीच किनाऱ्यापासून सुमारे ४० मैलांवर टिपली होती. वर एकच माणूस उभा दिसत होता. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र खाली आणखी माणसे असावीत, अशी खूण होती. नौका बुडत नव्हती, मदतीची हाक आली नव्हती, म्हणून ती संकटातील नौका न ठरता पोलिसी कारवाईचा विषय ठरली. त्यासाठी निघालेल्या गस्ती नौका खवळलेल्या समुद्रामुळे परत फिरल्या. २६ फेब्रुवारीच्या पहाटे ती किनाऱ्यालगत वाळूच्या उथळ पट्ट्यावर आदळून फुटली आणि किमान ९४ माणसे दगावली. त्यांत कितीतरी मुले होती. सीमा राखणे आणि जीव वाचवणे ही दोन कामे कागदावर वेगळी असली, तरी रात्रीच्या लाटांत ती वेगळी राहत नाहीत, असे माझे मत आहे. संकटातील प्रत्येकास वाचवणे हे समुद्रावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे नौका सापडली तरी तिला रस्त्यावरच्या गाडीसारखे मागे वळवता येत नाही.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. बेळगाव जिल्ह्याला समुद्र लागत नाही, परंतु आपल्याच तालुक्यातील भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई पणजीला सागरास मिळते. तेव्हा आपली विचारणा अगदीच परक्या मुलखाची नव्हे. भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण शाळेत ७,५१६ किलोमीटर शिकवली असेल. अलीकडे खाड्या आणि वळणे बारकाईने मोजल्यावर सरकारनेच ती ११,०९८ किलोमीटर धरली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका पळवून आले होते. त्यानंतर किनारपट्टीवर रडारांची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली आणि नौदल, तटरक्षक दल व राज्यांचे सागरी पोलीस अशी कामाची वाटणी झाली. कर्नाटकात हे काम करावळी कावलु, म्हणजे किनारा सुरक्षा, पोलिसांकडे आहे आणि त्यांचे मुख्य ठाणे मलपे येथे आहे.

इतके असूनही ऑगस्ट २०२२ मध्ये, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी यॉट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या. मस्कतहून युरोपकडे निघालेली ती ऑस्ट्रेलियन मालकीची नौका होती, २६ जूनला इंजिन बंद पडल्यावर तिच्यावरच्या माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले होते आणि नौका तशीच वाहत आली, असा खुलासा विधिमंडळात झाला. घातपाताचा संबंध निघाला नाही, हे खरे. पण सोळा मीटर लांबीची नौका सात आठवडे वाहत थेट किनाऱ्याला येऊन टेकली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हेही येथे लक्षात घ्यावे. त्या दोन महिन्यांत समुद्रावरचे सर्वांत जास्त डोळे घरी बसलेले असतात.

डोळे म्हणतो ते मच्छीमारांनाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मालकाच्या जाचाला कंटाळून ओमानहून एका मासेमारी नौकेतून पळालेले तमिळनाडूचे तीन मच्छीमार मलपेजवळच्या सेंट मेरी बेटापाशी सापडले, ते स्थानिक मच्छीमारांनी अनोळखी नौकेची खबर दिली म्हणून. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतहून अशाच रीतीने निघालेले तिघे थेट मुंबईच्या समुद्रात पोहोचले, तेव्हा कोठे पोलिसांच्या गस्ती नौकेने त्यांना गाठले. या दोन्ही वेळी येणारे आपलेच नागरिक होते. दुसरे कोणी असते तर, हा आपल्या प्रश्नाचा रोख मी समजू शकतो.

याउलट जून २०२१ मध्ये मंगळूर पोलिसांनी ३८ श्रीलंकन नागरिकांना पकडले. कॅनडाला नेतो, असे सांगून दलालांनी त्यांच्याकडून पैसे उकळले होते आणि तमिळनाडूमार्गे आणून त्यांना मंगळुरात ठेवले होते. ही कारवाई लाटांवर झाली नाही. गुप्त वार्तेवरून शहरातल्या लॉजवर झाली आणि पुढे तपास एनआयएकडे गेला. मार्च २०१८ मध्ये दुबईच्या राजकन्येला घेऊन निघालेली ‘नोस्त्रोमो’ ही यॉट गोव्यापासून दूर समुद्रात अडवली गेली. कोणती नौका शोधायची हे आधी ठाऊक असल्यावर समुद्र फारसा मोठा राहत नाही. यावरून माझे मत असे की, आणखी एक गस्ती नौका घेण्याआधी बंदरातील हवालदार, लॉजचा मालक आणि मच्छीमार सोसायटी यांच्याशी नीट संबंध ठेवण्यावर सरकारने खर्च करावा. त्याचे उद्घाटन करता येत नाही, ही त्यातली राजकीय अडचण असावी.

प्रश्न : माझ्या भावाचा मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला आहे. एका एजंटाने त्याला भूमध्य समुद्रातल्या यॉटवर ‘हेल्पर’ म्हणून नेतो, पुढे युरोपात राहण्याचीही सोय होते, असे सांगितले असून पाच लाख रोख मागितले आहेत. जावे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सांगितले तेवढ्यावरून तरी जाऊ देऊ नये. चोरून नेल्या जाणाऱ्या माणसाला केवळ त्या कारणासाठी गुन्हेगार मानू नये, असे वर उल्लेखिलेला २००० चा पूरक करार म्हणतो. नौका चालवणाऱ्याला किंवा त्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. कुत्रोच्या दुर्घटनेनंतर इटलीने कायदा कडक केला असून अशा प्रवासात माणसे दगावल्यास ३० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपला पुतण्या ‘हेल्पर’ होता की टोळीचा माणूस, हे तेथील न्यायालयात त्यालाच पटवून द्यावे लागेल.

परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाने १९८३ च्या उत्प्रवासन (परदेशगमन) कायद्याखाली नोंदणी केलेली असावी लागते. त्याचा क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतो आणि त्याला सेवाशुल्क म्हणून कमाल ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. जहाजावरच्या नोकरीसाठी एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा. पाच लाखांची पावती तो कोणत्या नावाने देतो, एवढे विचारून पाहावे. बहुधा तेथेच बोलणे थांबेल. पैसे आधीच दिले असतील, तर फोनवरचे संदेश न पुसता त्यांच्यासह पोलिसांत तक्रार द्यावी.